केसकरांची बंदी, आमची चैन

देशात टीव्ही आला 1959 साली, पण तो दिल्लीत. दिल्लीबाहेर पडायला त्याला पुढची 13 वर्षं लागली. त्यामुळे पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला टीव्ही भेटला तो मामाच्या पत्रातून. मामा दिल्लीला सरकारी नोकरीत. 1967 साली 'कृषिदर्शन' सुरू झालं, तेव्हा त्यांनी पानभर कौतुक लिहून पाठवलं. आजीनं पत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, "शेत बघायला पेटी कशाला? सासवडची एसटी बंद पडली का?"

आमचं साठचं दशक रेडिओचं, आणि त्यातही आकाशवाणीपेक्षा रेडिओ सिलोनचं. घरात मर्फीचा रेडिओ होता. त्याचं लायसन्स पोस्टात पैसे भरून दरवर्षी नवं करून आणायचं. बटण फिरवलं की आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत हूं नाही की चूं नाही. बुधवारी रात्री आठला 'बिनाका गीतमाला' लागायची, म्हणून थोरला भाऊ पावणेआठपासूनच शॉर्टवेव्हवर सुई जुळवत बसायचा. सुई केसभर सरकली की कुठल्यातरी परक्या भाषेतल्या बातम्या. नीट लागलं तरी गाणं ऐन अंतऱ्यात दूर जायचं आणि आपल्या मर्जीनं परत यायचं. अमीन सयानी कुठलं गाणं कितव्या पायदानावर आहे ते सांगायचे आणि भाऊ ते वहीत टिपून ठेवायचा. 1966 च्या वार्षिक यादीत 'सूरज'मधलं रफीचं गाणं पहिलं आलं. मदनमोहनचे भक्त असलेले आमचे एक शेजारी त्यानंतर कितीतरी दिवस भावाशी बोलत नव्हते, जणू मतमोजणी त्यानंच केली होती.

आपली हिंदी गाणी ऐकायला आम्ही लंकेचं स्टेशन का लावायचो, याचं उत्तर एका मराठी माणसापाशी होतं. बा. वि. केसकर 1952 पासून दहा वर्षं नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतं उथळ आणि पाश्चात्त्य वळणाची, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. तिकडे सिलोनकडे महायुद्धात लष्करासाठी उभारलेले दणदणीत ट्रान्समीटर होते आणि जाहिराती घ्यायला मनाई नव्हती. 'गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि कार्यक्रम समुद्र ओलांडून परत आमच्या माडीवर यायचा. बिनाका नावाच्या एका टूथपेस्टच्या खर्चानं!

पण केसकरांना नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही. सिनेमाच्या गाण्यांना तोडीस तोड द्यायची म्हणून आकाशवाणीनं सुगम संगीताला जागा दिली, आणि त्याचा फायदा मराठी भावगीतानं पुरेपूर उचलला. श्रीनिवास खळे, यशवंत देव, अरुण दाते ही नावं आमच्या घरात आली ती रेडिओवरूनच. 1957 मध्ये विविध भारतीही केसकरांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. म्हणजे त्यांच्या हट्टापायी आम्हांला सिलोन मिळालं आणि भावगीतही. एवढा लाभ करून देणारा दुसरा मंत्री मला तरी आठवत नाही.

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मात्र केसकर पूर्ण मान्य. 'आपली आवड' चालायची, 'शुक्रतारा' तर तेही गुणगुणायचे, पण 'गीतमाला' म्हणजे छचोरपणा. आज ज्या गाण्यांना 'सुवर्णकाळ' म्हणत माझे समवयस्क व्हॉट्सॲपवर गळे काढतात, ती हीच गाणी. तेव्हा ती ऐकताना आम्ही आवाज बारीक करून रेडिओला कान लावायचो.

मुंबईला टीव्ही आला 2 ऑक्टोबर 1972 ला, आणि सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमुळे पुण्याला पुढच्या वर्षी. शेजाऱ्यांकडे 'छायागीत' बघायला अख्खा वाडा लोटायचा. मीही गेलो. वर्षानुवर्षं डोळे मिटून ऐकलेल्या एका विरहगीतात नायक घट्ट पँट घालून खांबाभोवती फिरत होता. मला हसू आवरेना, आणि भाऊ माझ्यावरच चिडला.

'गीतमाला' विविध भारतीवर आली ती 1989 मध्ये. मुंबईत तयार होणाऱ्या कार्यक्रमाला मुंबईच्याच आकाशवाणीवर पोहोचायला 37 वर्षं लागली.