कपाटातील स्वर कोणाचे?

जुन्या ध्वनिमुद्रिका जमवून त्या कोणाला न ऐकविणाऱ्या माणसाला आपण आदराने 'संग्राहक' म्हणतो. या पदवीला माझा विरोध आहे. पुस्तक न वाचता कुलपात ठेवणाऱ्यास कोणी व्यासंगी म्हणत नाही. मग गाण्याच्या बाबतीत हा अपवाद का? चार जाणत्यांना बोलावून जी तबकडी लावली जात नाही, जिच्यावर वाद होत नाही, ती लाखेची एक काळी चकती आहे, संगीत नव्हे.

ध्वनिमुद्रिकेचा जन्मच मुळी स्वर घराबाहेर नेण्यासाठी झाला. फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने एप्रिल 1902 मध्ये मिलान शहरी एन्रिको कारुसोचे गायन मुद्रित केले. त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमधील गायकांचे आवाज टिपले आणि नोव्हेंबरात गैसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. पोपमहाशयांच्या प्रार्थनामंदिरातील गायन आणि कोलकात्याच्या तवायफेचे गायन एकाच वर्षी एकाच यंत्रात शिरले. ज्यांना त्या मंदिरात वा त्या दिवाणखान्यात कधीच प्रवेश मिळाला नसता, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले. या उदारतेवर कुलूप घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ध्वनिमुद्रण नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले 1922 साली निवर्तले. उस्ताद अल्लादिया खाँ 1946 साली गेले. दोघांच्याही गायनाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांच्या थोरवीविषयी आपण जे बोलतो, ते सारे ऐकीव. याउलट मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज तबकड्यांत उरला. त्यांची एक ध्वनिमुद्रिका गदगच्या एका मुलाच्या कानी पडली आणि त्याने गुरूच्या शोधार्थ 1933 साली घर सोडले. ते भीमसेन जोशी. ती तबकडी कोणी कपाटात जपून ठेवली असती तर?

यावर संग्राहकांचे उत्तर ठरलेले असते: "तबकडी फुटते, सुईने झिजते, नेलेली परत येत नाही." यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. लाखेची तबकडी पोलादी सुईने झिजते हे मान्य. म्हणूनच ती हलक्या सुईच्या विद्युत यंत्रावर एकदा काळजीपूर्वक वाजवावी, तिची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी आणि ती प्रत मोकळ्या हाताने वाटावी. मूळ तबकडी घरीच उभी ठेवावी, आडवी रचू नये. ती पुसताना स्पिरिट लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. एवढे केले की भीतीचे कारण उरत नाही. उरते ती केवळ 'माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही' ही सुखद भावना. तिला संगीतप्रेम म्हणू नये.

आणि कुलूप लावून ठेव टिकते, हा तरी समज कोठून आला? कोकणात चार महिने पाऊस. समुद्राची खारी हवा बारमाही. बंद घरातल्या ध्वनिफितींवर बुरशी चढते, तबकड्यांच्या कागदी वेष्टनांना वाळवी लागते. माझ्या परिचयातील एका रसिकाने हयातभर एकही तबकडी कोणाला दिली नाही. त्यांच्या पश्चात वारसांनी तो सारा ठेवा भंगारवाल्याला वजनावर दिला. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या तबकड्यांत काय आहे, हे वडिलांनी त्यांना कधी ऐकविलेच नव्हते.

गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर आपल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण करू देण्यास राजी नसत, अशी त्यांची ख्याती होती. कलावंताचा तो हक्कच. तरीही त्यांच्या भैरवीची एक ध्वनिमुद्रिका 'व्हॉयेजर' यानांतील सुवर्ण तबकडीसाठी निवडली गेली. ऑगस्ट आणि सप्टेंबर 1977 मध्ये ती दोन्ही याने अंतराळात झेपावली. 16 सप्टेंबरला बाईंनी देह ठेवला. ताऱ्यांच्या दिशेने निघालेला तो स्वर शेजारच्या घरी ऐकविण्यास मात्र आम्ही कचरतो!

दुसरा आक्षेप तरुणांचा: "आता सारे भ्रमणध्वनीवर मिळते, कोणी कोणाला ऐकविण्याची गरजच काय?" मिळते, हे खरे. पण तेथे अनेकदा रागाचे नाव चुकलेले असते, साल नसते, साथीदारांचा पत्ता नसतो. शिवाय कानात बोंडे घालून एकट्याने ऐकणाऱ्यास 'तुझे चुकते आहे' असे सांगणारा कोणी नसतो. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात गवयाने काय घेतले आणि काय सोडले, हे दहा जणांनी मिळून ऐकल्यावरच ध्यानी येते. एक म्हणतो तान भारी, दुसरा म्हणतो सूर भारी. तिसरा तीच चीज दुसऱ्या घराण्याची लावतो आणि दोघांनाही गप्प करतो. कान असा तयार होतो. मुंबईत 1990 साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. तिने श्रवणसत्रे भरविली, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालविले. संग्राहकांनीच संग्रहाची दारे उघडल्याचे हे उदाहरण आहे.

कायद्याची भीतीही अकारण बाळगली जाते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. आजोबांच्या काळातील बहुतेक तबकड्या त्या बंधनातून केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. बंधन उरले आहे ते आपल्या मनाचे.

शहरांत मैफली होतात; तेथील रसिकाचे तबकडीवाचून अडत नाही. परंतु दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या समुद्रकाठच्या, मासेमारीवर जगणाऱ्या गावाचे काय? मोठ्या गवयाची मैफल अशा गावाच्या वाट्याला क्वचितच यायची. तेथे ध्वनिमुद्रिका हीच मैफल. म्हणून श्रवणमंडळाची खरी निकड बुरोंडीला आहे, दादरला नव्हे. त्यासाठी सभागृह नको, देणगी नको. घराची ओटी पुरे. महिन्यातून एक संध्याकाळ, तीन ध्वनिमुद्रिका. जो आणील त्याने 'ही मला का आवडते' ते सांगावे. बाकीच्यांनी भीड न बाळगता आपले मत मांडावे. मुलांना मागे बसवू नये, यंत्राजवळ बसवावे.

वाचकहो, आपल्याही कुटुंबांत मुंबईहून आणलेला एखादा ग्रामोफोन, वडिलांनी जपलेल्या चार तबकड्या, मामांनी रेडिओवरून उतरवलेल्या ध्वनिफिती असतील. त्या येत्या पावसाळ्याआधी माळ्यावरून खाली काढा. शेजाऱ्याला बोलवा, मग तो कोणत्याही आळीचा, कोणत्याही धर्माचा असो. आपल्या हाती आलेला स्वर पुढच्या कानात पोहोचविणे हे उपकार नव्हेत. ते ऋण आहे, आणि ते फेडण्याची मुदत बुरशी ठरविते.