पिनटक शिकवता, तर झिगझॅग यंत्र द्या

मलमल आणि कॅम्ब्रिकच्या उन्हाळी कुर्त्यांची कामे सुरू झाली की पिनटकविषयीची पत्रे कचेरीत येऊ लागतात. यंदा त्यांत चौकशी कमी आणि संताप जास्त आहे. अनुदानावर मिळालेल्या यंत्राला डबल सुई लावली आणि चाक फिरवताच ती प्लेटवर आपटून मोडली, अशी तक्रार निरनिराळ्या तालुक्यांतून आली आहे. एका भगिनीच्या यंत्रात मोडलेले टोक शटलमध्ये अडकले, शटलला ओरखडा पडला आणि तेव्हापासून साधी टीपही सुटते. तिने यंत्र देणाऱ्या कचेरीत अर्ज केला. लेखी उत्तर आले: यंत्र चालू स्थितीत पुरवण्यात आले होते, सबब तक्रार निकाली.

तक्रार निकाली निघाली, पण तिचे यंत्र अजून टिपा सोडते आहे. शिवाय ते विकणार नाही असे हमीपत्र तिच्याकडून आधीच लिहून घेतलेले आहे, त्यामुळे ते देऊन वर थोडे पैसे घालून दुसरे घेण्याचा मार्गही बंद.

यात त्या भगिनीची चूक नाही आणि यंत्र बनवणाऱ्याचीही नाही. काळ्या हेडचे ते यंत्र सरळ टिपेसाठीच आहे. त्याच्या प्लेटचे भोक एका सुईपुरते गोल. सुईत धागा बाजूने ओवला जातो. अशा यंत्रात डबल सुई बसवली तर तिची दोन टोके शेजारी-शेजारी न येता एकामागे एक येतात. प्लेट कानस लावून रुंद केली तरी दोन्ही टिपा एकाच रेषेवर पडतील. मध्ये कापड उचलले जाणार नाही, पिनटक उठणार नाही. (कानस लावण्याचा सल्ला काही मेकॅनिक देतात. कृपया ऐकू नका, प्लेट कायमची जाते.) डबल सुईला समोरून ओवण्याचे, आडव्या रुंद भोकाचे झिगझॅग यंत्रच लागते. चूक आहे ती निविदेत ‘शिलाई यंत्र, स्टँडसह’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांची. ही बाई या यंत्रावर काय शिवून पोट भरणार आहे, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

आणि प्रशिक्षणाच्या फायलीत टक्सचा नमुना चिकटवल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही! म्हणजे काम शिकवायचे आणि ते पोटाला पुरेल अशा वेगाने करण्याचे साधन द्यायचे नाही. घडी घालून पिनटक काळ्या यंत्रावर होतात, उत्तम होतात, हे आम्हाला माहीत आहे. पण हिशेब पाहा. एका योकवर 25 सेंमी लांबीचे 20 पिनटक म्हणजे 5 मीटर टीप. ती मारायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो वीस वेळा धाग्यावर खूण करण्यात, वीस वेळा घडी घालून इस्त्री फिरवण्यात आणि कडेपासून 2 मिमी अंतर वीस वेळा राखण्यात. डबल सुई आणि खाचांचे फूट असेल, तर खूण फक्त पहिल्या ओळीची. पुढे शिवलेला टक शेजारच्या खाचेत बसवला की दुसऱ्याचे अंतर आपोआप येते. एकीला ज्या कामाला दुपार लागते, ते दुसरी चहाच्या आत उरकते. बुटीकवाला मजुरी मात्र दोघींना तीच देतो.

पैसे नाहीत, ही सबब आम्ही मान्य करत नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि साधनांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची तरतूद आहे. एवढ्या रकमेत साधे, घरगुती झिगझॅग यंत्र बसते. मग इतर अनुदान योजनांच्या याद्या तयार करताना सरळ टिपेवरच का अडायचे? किमान अर्जदाराला निवड तरी द्या.

आता ज्यांच्याकडे झिगझॅग यंत्र आहे त्यांच्याशी बोलायचे आहे, आणि थोडे स्पष्ट. योक आधी कापून मग त्यावर पिनटक घालणे बंद करा. हे आम्ही या पानांवर पुन्हा पुन्हा छापले आहे, तरी ‘मुंढ्यात योक कमी पडला, गिऱ्हाईक कापडाची भरपाई मागते’ अशी पत्रे येतातच. घडीचा 2 मिमी टक 4 मिमी कापड खातो, वीस टक 8 सेंमी खातात. डबल सुईचा टक त्याहून कमी खातो, पण किती, ते कापड, सुईचे अंतर आणि टेन्शन ठरवते. म्हणून त्याच कापडाच्या पट्टीवर, त्याच सुईने आणि त्याच टेन्शनवर दहा ओळी मारा. आधीची रुंदी आणि नंतरची रुंदी मोजा, फरकाला दहाने भागा. सगळे टक घालून, उलट बाजूने हलकी इस्त्री करून, मगच पेपर पॅटर्न ठेवून कापा. सुई विकत घेताना पाकिटावरचे दोन्ही आकडे वाचा: 2.0/80 यातला पहिला सुयांमधले अंतर मिमीमध्ये सांगतो, दुसरा सुईची जाडी. सात खाचांच्या फूटला 2 मिमी, पाच खाचांच्या फूटला 3 मिमी. मलमलवर 4 मिमीची सुई घालून ‘टक पडले, उठत नाहीत’ म्हणू नका. आणि मोटरवर पाय देण्याआधी चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा.

मजुरीही नगावर घेऊ नका. ‘कुर्तीच्या शिलाईत पिनटक आलेच’ असे म्हणणाऱ्या बुटीकवाल्याला मीटरचा दर सांगा. योकची 5 मीटर, दोन बाह्यांची वेगळी, बिलावर वेगळ्या ओळीत. तुमच्यातली एक जण फुकट करते म्हणून बाकीच्या दहा जणींना दर मागता येत नाही, हे फुकट करणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे.

नव्या आर्थिक वर्षाच्या खरेदीच्या याद्या तयार होण्याआधी आपापल्या पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात अर्ज द्या. एकटीने देऊ नका, गटाच्या लेटरहेडवर सर्वांच्या सह्यांनिशी द्या. त्यात एवढेच मागा: निविदेत ‘समोरून ओवण्याचे झिगझॅग यंत्र, 130/705 सुई पद्धत, प्लेटचे भोक डबल सुईस पुरेल असे’ हा पर्याय नोंदवावा, सोबत 2.0/80 ची डबल सुई आणि सात खाचांचे पिनटक फूट द्यावे; यंत्र ताब्यात देताना लाभार्थीसमोर डबल सुईने एक ओळ शिवून दाखवावी. अर्जाला दोन पट्ट्या टाचा, एक घडीच्या पिनटकची, एक डबल सुईच्या पिनटकची, आणि प्रत्येकीखाली लागलेली मिनिटे लिहा. पोच घ्या, आवक क्रमांक टाकून घ्या आणि पोचेची प्रत आम्हाला पाठवा. आलेली प्रत्येक पोच आणि तिला मिळालेले उत्तर आम्ही पुढच्या अंकापासून तालुक्याच्या नावासह छापणार आहोत.