फुकटचा पहारेकरी



दिवाळीत घरच्या पीसीवर हॉस्टेलच्या पेनड्राइव्हमधला क्रॅक केलेला अँटिव्हायरस टाकला. इन्स्टॉल करताना सूचना आली, 'आधी डिफेंडर बंद करा.' मी केला! चोराने सांगितलं आणि आपण कुलूप काढून दिलं. शेवटी फॉरमॅट मारावा लागला, ताईच्या लग्नाचे फोटो गेले.

माझ्या मते विंडोज ११ मध्ये आयता येणारा डिफेंडर घराला पुरे, फक्त अपडेट थांबवू नका. नावाजलेल्या कंपनीवरही डोळे झाकून विश्वास नको. युजर्सची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अवास्टला २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. विकतच हवा तर आपल्या पुण्याचा क्विक हील आहे, पण बिल घेऊन.

बाबा मात्र हल्ली नेटबँकिंग उघडताना मला नाही, शेजारच्या दादाला हाक मारतात.