कॉफीच्या पाकिटावर शेत, कोलमच्या पोत्यावर नुसतं नाव



गेल्या आठवड्यात मुंबईत फोर्टला काम होतं. भाचा एका छोट्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेला. चार टेबलं आणि एक कप २८० रुपये! चव आंबटसर, आपल्याला चहाच बरा. पण तिथली पाकिटं मी नीट वाचली.

चिकमगळूरच्या मळ्याचं नाव, वाण, मळ्याची उंची, बी धुऊन वाळवलं की अख्खं फळच वाळवलं, भाजल्याची तारीख, सगळं छापलेलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, अख्खं फळ वाळवलेली जरा गोडसर लागते." आपल्या मालाबद्दल एवढं सांगणारा दुकानदार मला दादरला अजून भेटलेला नाही.

हिशोबही केला. साधारण ६ किलो पिकल्या फळातून १ किलो कच्चं बी निघतं. भाजताना १५ ते २० टक्के वजन घटतं. कपाला १८ ग्रॅम धरले तर ४५ कप, म्हणजे १२,६०० रुपये. भाडं, पगार, वीज त्यातूनच जाते, मान्य. पण मळेवाल्याला काय दर दिला, तेवढं मात्र पाकिटावर नव्हतं.

तरी त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तोडणीपासून भाजणीपर्यंत एका मळ्याचा माल दुसऱ्यात मिसळत नाहीत. आपल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आज वाड्याचं तोंड न पाहिलेला तांदूळही त्याच नावाने दुकानात विकला जातो. पोत्यावर ना गाव, ना कापणीची तारीख, ना भरडल्याची. मग खरं-खोटं गिऱ्हाइकाने कशावरून ओळखायचं? मानांकनाचा कागद फ्रेममध्ये राहतो आणि भाव नाव वापरणारा खातो.

अडचण मिलवर आहे. दोन क्विंटल भातासाठी कोणी मशीन रिकामी करून देत नाही, सगळं एकात जातं. त्यामुळे एकट्याने जमणार नाही. एकच बियाणं लावणाऱ्या पाच-सहा जणांनी मिळून एक दिवस मिल ठरवावी आणि पोत्यावर गाव, बियाणं, दोन्ही तारखा लिहाव्यात. छपाई नको, मार्कर पेनाने लिहिलं तरी चालेल.

कृषी सहाय्यक आणि कृषी विज्ञान केंद्रातली मंडळी हे वाचत असतील तर विनंती, मानांकनाच्या कार्यशाळा खूप झाल्या, यंदा एखाद्या गटाबरोबर मिलवर उभे राहा. आणि पालघर-सफाळे पट्ट्यात वेगळा लॉट भरडून देणारी मिल कुणाला माहीत असेल तर कापणीच्या आधी मला कळवा.