घर आमचे, जमीन कोणाची?

मुंबई-पुण्याकडील एखाद्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाने नगर भूमापन कचेरीत जाऊन आपल्या इमारतीखालील जमिनीची मिळकत पत्रिका एकदा काढून पाहावी. जन्माची पुंजी ओतून घेतलेल्या घराखाली संस्थेचेच नाव सापडेल, अशी ग्वाही आम्ही देऊ शकत नाही. पुष्कळदा तेथे मूळ जमीनमालक ठाण मांडून असतो. कित्येकदा तो केव्हाच दिवंगत झालेला असतो आणि वारसांची संख्या तेवढी वाढत असते.

हे कायद्याच्या अभावी घडले, असे म्हणण्याची सोय नाही. १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमाच्या कलम ११ ने जमिनीसह इमारतीची मालकी संस्थेस करून देण्याचे बंधन बिल्डरवर घातले. करारात मुदत ठरलेली नसेल तर १९६४ च्या नियमांनी संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांची मुदत घातली. चार महिन्यांची चाळीस वर्षे झाली, तेव्हा कोठे २००८ साली विधिमंडळाने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद केली. (हा शब्द उच्चारतानाच सभासदाने अर्ज करण्याचा नाद सोडावा, अशी तर योजना नसेल?) बिल्डर सही करीत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाने सुनावणी घेऊन प्रमाणपत्र द्यावे व दस्त एकतर्फी नोंदला जावा, असा तिचा आशय.

बिल्डर सही का करीत नाही, हे गूढ नव्हे. जमीन हातची गेली की तिच्यावरील शिल्लक चटई क्षेत्रही जाते. आणि इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली की सौदा करण्याचे बळ जमीन ज्याची त्याच्याकडे राहते.

सभासदांची समजूत मात्र निराळी. घरपट्टीचे बिल, भागपत्र आणि वीजबिल यांची फाईल म्हणजेच मालकी, असे सुशिक्षितांनाही वाटते. वस्तुतः १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली ती मुख्यतः महसुलाच्या सोयीसाठी. फेरफाराची नोंद मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. मालकी येते ती नोंदलेल्या दस्ताने, आणि तीही देणाऱ्याकडे मुळात असेल तरच. दुय्यम निबंधक दस्त नोंदतो, मालकीची हमी घेत नाही. तरीही पत्रिकेवरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते. म्हणून दस्त हवा आणि त्यामागोमाग पत्रिकेवर नावही हवे. प्रमाणपत्र मिळाले म्हणून ते कपाटात ठेवणाऱ्या संस्थेने अर्धीच वाट चाललेली असते.

जे प्रमाणपत्र शासनाचा एक अधिकारी देतो ते मुद्रांक, नोंदणी आणि भूमापन या शासनाच्याच तीन दारांतून नेण्याचा भार सभासदांवर का असावा? ही दारे शासनाने आतूनच जोडावीत. संस्थांनीही तोवर थांबू नये. मूळ करारनामे, मंजूर नकाशे, भोगवट्याचे दाखले ज्यांनी जपून ठेवले आहेत, त्या पहिल्या सभासदांपैकी बहुतेकांनी आता सत्तरी ओलांडली आहे.