एका शब्दाच्या दोन वाटा

परवा चहाच्या सुट्टीत आमच्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांनी मला कोडे घातले, ‘‘‘सॉन्टरर’ला मराठीत काय म्हणाल?’’

‘‘रमतगमत चालणारा,’’ मी म्हणालो.

‘‘थोरोला हे पटले नसते!’’ ते हसून म्हणाले.

थोरोचा चालण्यावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १८६२ साली प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती आहेत. एक ‘सेंत तेर’, म्हणजे पुण्यभूमी. तिकडे निघालो असे सांगत भिक्षा मागत फिरणारा तो सॉन्टरर. दुसरी ‘सां तेर’, म्हणजे भूमीवाचून. ज्याला घरदार नाही तो. थोरोला पहिली भावली. कोशकारांना दोन्ही मान्य नाहीत. शब्दाचे मूळ अनिश्चितच आहे.

आपल्याकडे मात्र या दोन अर्थांना दोन स्वतंत्र शब्द आहेत : वारकरी आणि भटक्या. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. तेथे माझी मावशी पिठलं-भाकरी वाढते आणि अनोळखी पायांवर डोके ठेवते. पुढे एखाद्या दिवशी पालात राहणारी बाई तांब्याभर पाणी मागायला आली, की तीच मावशी म्हणते, ‘‘पुढं जा, बाई!’’ मावशीला तरी नावे का ठेवावीत? सांगलीत मीही दाराला आतून कडी घातलेली आहे.

दोघेही पायीच येतात, दोघांचेही पाय धुळीने माखलेले असतात. मग कोणाच्या पाया पडायचे आणि कोणाला हाकलायचे, हे आपण कशावरून ठरवतो?

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून जमावाने काठ्यांनी मारले. ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी फक्त वाट विचारली होती. पुण्यभूमीच्या वाटसरूंना लोकांनी चोर ठरवले. ‘‘अरेरे, साधू होते हो ते!’’ असे आपण हळहळलो. पण ते साधू नसते, नुसतेच बेघर असते, तर तो मार रास्त ठरला असता काय?

सहकाऱ्यांना मी अजून प्रतिशब्द दिलेला नाही. पण या दिवाळीत फराळाची ताटे शेजारी पाठवताना एक ताट दाराशी ठेवायचे ठरवले आहे. आणि कडी मात्र काढलेली.