खेळते भांडवल

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी संगणकावरून दरवर्षी भांडण होते आणि दरवर्षी मी त्यात सूनबाईंच्या बाजूने असतो. गेल्या सुट्टीत मात्र मी फितूर झालो. झाले असे, की दुपारी डोळा लागेना म्हणून नातवाच्या खोलीत डोकावलो. चौदा वर्षांचा हा मुलगा पडद्यावर काहीतरी रचत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता, "साठ ड्रिल लावले, तरी लोखंड पुरत का नाही?"

बंदुकीचे आवाज आणि मोटारींच्या शर्यती यांची तयारी ठेवून मी आत गेलो होतो. पण 'पुरत का नाही' हा प्रश्न मी नोकरीतली छत्तीस वर्षे टेबलापलीकडून ऐकलेला. खुर्ची ओढली आणि बसलो. सूनबाई दारातून एकदा बघून गेल्या. त्या नजरेबद्दल इथे लिहीत नाही.

खेळाचे नाव 'फॅक्टोरिओ'. झेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरी वूब नावाच्या छोट्या मंडळीने तो बनवला. २०१३ साली त्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली आणि पूर्ण झालेला खेळ २०२० च्या ऑगस्टमध्ये आला. गोष्ट अशी, की एका परक्या ग्रहावर एक अभियंता एकटाच येऊन पडतो. जमिनीत लोखंड, तांबे, कोळसा, दगड आहे. ते खणायचे, वितळवायचे, त्यातून यंत्रे करायची, त्या यंत्रांनी आणखी यंत्रे करायची आणि शेवटी एक अग्निबाण आकाशात सोडायचा. आरंभी हातात एक कुदळ. चार तासांनी पाहावे तर पडदाभर ड्रिल घरघरत असतात.

आता त्या साठ ड्रिलचे गणित सांगतो, कारण माझ्यासारख्याला तिथेच गोडी लागली. विजेवर चालणारा एक ड्रिल दोन सेकंदांना एक खडा काढतो. तो खडा सरकत्या पट्ट्यावर पडतो. साधा पट्टा सेकंदाला पंधरा खडे वाहून नेतो, त्याहून एकही जास्त नाही. म्हणजे तीस ड्रिल लागले की पट्टा भरला. एकतिसावा ड्रिल लावा, साठावा लावा, पलीकडे पंधराच खडे पोचणार. शिवाय पट्ट्यापुढे भट्ट्या. दगडी भट्टीला एक पत्रा करायला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, तेव्हा भरला पट्टा पचवायला अठ्ठेचाळीस भट्ट्या हव्यात. नातवाच्या होत्या चोवीस. माल पट्ट्यावर तुंबला होता, निम्म्याहून अधिक ड्रिल हात बांधून उभे होते आणि हा पठ्ठ्या आणखी ड्रिल बनवायला निघाला होता!

"अरे, तुझं दुखणं ड्रिलमध्ये नाही, भट्टीत आहे," मी म्हणालो.

"आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

कसे कळले ते सांगायला मला दोन दिवस लागले. त्याआधी आणखी एक धडा झाला. भट्ट्या वाढल्या, दुसरा पट्टा टाकला, ड्रिल शंभरावर गेले. एका ड्रिलला नव्वद किलोवॉट वीज लागते. वाफेचे एक इंजिन नऊशे किलोवॉट देते, म्हणजे एका इंजिनावर दहा ड्रिल. नातवाने इंजिने मोजली नव्हती. वीज कमी पडली, तसे सगळे ड्रिल मंदावले. त्यांत कोळसा खणणारे ड्रिलही होते आणि बॉयलरमध्ये कोळसा भरणारे यांत्रिक हातही विजेवरच चालणारे. कोळसा कमी आला म्हणून वाफ कमी, वाफ कमी म्हणून वीज आणखी कमी, म्हणून कोळसा आणखी कमी. पाहता पाहता अख्खा कारखाना काळवंडून थांबला. कोणी शत्रू आला नव्हता, काही मोडले नव्हते.

बँकेतल्या माणसाला हे चित्र ओळखीचे असते. उद्योजकाची वसुली लांबते, म्हणून बँक त्याची मर्यादा आखडते, म्हणून कच्चा माल कमी येतो, म्हणून विक्री घटते, आणि नव्वद दिवसांनी खाते थकीत म्हणून नोंदले जाते. ज्याला आम्ही खेळते भांडवल म्हणायचो, ते खेळायचे थांबले की काय होते, ते इतके स्वच्छ मी कुठल्याही प्रशिक्षणवर्गात पाहिले नाही. खेळात त्यावर उपायही आहे. कोळशावरच चालणारा एक साधा, मंद हात मिळतो. बॉयलरला कोळसा भरता भरता तो स्वतःचा घास त्यातूनच काढून घेतो, त्याला विजेची गरज नाही. जाणते खेळाडू बॉयलरपाशी नेहमी तोच ठेवतात. नातवाने तो 'जुनाट' म्हणून काढून टाकला होता.

तर मला कसे कळले? २००८ ते २०११ ही तीन वर्षे मी गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. तेव्हा चीनला लोखंडाची भूक लागली होती आणि एरवी कोणी न विचारणारे हलक्या प्रतीचे खनिजही तिकडे खपत होते. २०१०-११ साली गोव्याहून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज परदेशी गेले. डोंगरातून ते ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर यायचे, तिथून बार्जमधून मुरगावला, मग जहाजात. गावातल्या ज्याच्या त्याच्या दारात ट्रक उभा राहिला होता आणि त्यातल्या पुष्कळांच्या कागदांवर माझी सही होती.

कर्जाच्या प्रस्तावात आम्ही लिहायचो : दिवसाला सहा खेपा, खेपेमागे अमुक भाडे, वजा डिझेल, वजा ड्रायव्हर, बाकी हप्ता. कागदावर बिनचूक. पण ट्रक दुप्पट झाले आणि रस्ता तोच राहिला, धक्काही तोच. पट्टा भरला होता, वाचकहो! सहाच्या चार खेपा झाल्या, चाराच्या तीन. सकाळी शाखेत येताना मैलभर उभी असलेली ती लाल धुळीची रांग मी रोज बघत होतो आणि दुपारी पुन्हा सहा खेपांचा प्रस्ताव मंजूर करत होतो. मार्चअखेरीचे उद्दिष्ट ट्रकांच्या संख्येत आले होते, खेपांच्या नव्हे.

एक गृहस्थ होते. एक ट्रक, हप्ता वेळेवर, बायको अंगणवाडीत. त्यांना मी स्वतः बोलावून दुसरा ट्रक घ्यायला लावले. ते म्हणाले, "साहेब, आहे त्याच ट्रकाचे चार तास रांगेत जातात." मी म्हणालो, "दोन असले तर एक रांगेत असताना दुसरा धावेल." किती सफाईदार वाक्य होते ते! दोन्ही ट्रक एकाच रांगेत उभे राहणार, हे चौदा वर्षांच्या पोरालाही पडद्यावर दिसते.

२०११ मध्ये माझी बदली झाली, वर चांगला शेराही मिळाला. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणी तात्पुरत्या थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सारे थंड. २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले. न्यायालयाचे काही चुकले, असे मला म्हणायचे नाही. त्या भागातली लाल झालेली झाडे आणि गाळाने भरलेली भातशेते मी पाहिली आहेत. ट्रकवाल्यांसाठी सरकारी मदतीच्या योजनाही आल्या. माझा मुद्दा वेगळा आहे.

या खेळात प्रदूषण मोजले जाते. प्रत्येक ड्रिलमागे धूर, तो झाडे थोडा शोषतात, उरलेला रानातल्या किड्यांच्या वारुळांपर्यंत पोचला की ते चवताळून कारखान्यावर चालून येतात. ड्रिल जितके जास्त, तितकी धाड मोठी. हे आमच्या प्रस्तावाच्या छापील नमुन्यात नव्हते, तेव्हा खेळ आमच्या पुढेच आहे म्हणायचा. (किडे नको असतील तर सुरुवातीलाच बंद करता येतात. ही सोय अनेक खाणमालकांना आवडली असती.) खाण संपते, हेही खेळ लपवत नाही. कडेचे खनिज पातळ, मधले दाट. कडेचे ड्रिल आधी रिकामे होतात आणि डोक्यावर इशारा मिचकावत उभे राहतात.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे, की या खेळावरून पोरांना उठवण्याची घाई करू नये. शेजारी खुर्ची टाकावी. संख्या वाढवली म्हणजे उत्पन्न वाढले, या भ्रमात आमची सबंध पिढी वाढली. शाखा किती उघडल्या, कर्जे किती वाटली, बोअर किती मारल्या! मराठवाड्यात वर्षानुवर्षे बोअरच्या गाड्या गावोगाव फिरल्या आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. तो हिशेब हा खेळ बरा शिकवतो.

एक गोष्ट मात्र तो शिकवत नाही, ती खुर्चीतल्या म्हाताऱ्याने सांगायची असते. त्या ग्रहावर दुसरे माणूसच नाही. ड्रिलला हप्ता नाही, ड्रिलची मुले शाळेत जात नाहीत.

मी चार कादंबऱ्या लिहिल्या, दोनांत बँक आहे. ते गृहस्थ एकीतही नाहीत. २०१४ मध्ये एका साहित्यिक कार्यक्रमासाठी गोव्यात गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो होतो. पहिला ट्रक विकलेला. दुसरा, माझा, अंगणात. टायर आधीच विकले होते, चाकांखाली दगड, टपावर कारल्याचा वेल. त्यांनी चहा केला. म्हणाले, "साहेब, तुमची चूक नाही. सही मीच केली ना?" मी वाद घातला नाही, याची मला अजून लाज वाटते.

सुट्टी संपता संपता नातवाची पहिली खाण संपली. त्याने पडद्यावर एक चौकोन ओढला, उडते यंत्रमानव आले आणि त्यांनी ते सगळे ड्रिल एकेक करून उचलून पेटीत भरले. एकावर ओरखडा नव्हता.

"आता नव्या खाणीवर हेच लावायचे," तो म्हणाला. मग त्याला काय आठवले कोण जाणे, मागे वळून त्याने विचारले, "आजोबा, त्या काकांच्या दुसऱ्या ट्रकचं पुढे काय झालं?"

"भंगारात गेला. वजनावर विकला म्हणे."

"किलोला किती मिळाले?"

ते मी विचारले नव्हते.